आंदणातली पळी

१

मुलगा निर्व्यसनी आहे, असं मध्यस्थानं माझ्या वडिलांना लिहिलं होतं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, कालवाखात्यात ओव्हरसियर, राहायला सरकारी बिऱ्हाड. गळाच्या काठीचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

बिऱ्हाड शेळगावाबाहेर, नीरेच्या डाव्या कालव्याला लागून. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी आणि सभोवार ऊस. सकाळी हे पाण्याची पातळी मोजायला जात. दुपारी बागाइतदारांच्या तक्रारी ऐकत. एकाला पाणी कमी आलेलं असे आणि दुसऱ्याला त्याच्याहून कमी. पाच वाजता पलीकडच्या नव्या साखर कारखान्याचा भोंगा झाला, की खुंटीवरची काठी काढून हे डोहावर निघत. कालवा फार भरला म्हणजे जादा पाणी सांडव्यावरून ओढ्यात सोडतात. त्या पाण्यानं वर्षानुवर्षं पडून पडून खाली खोल डोह केला होता. कालवा बंद असला तरी तो आटत नसे.

दिवेलागणीला हे परत येत. रोज. पाडव्याच्या दिवशीसुद्धा.

मी ओसरीच्या पायरीवर बसून असे. माझी इच्छा अगदी साधी होती. एखाद्या संध्याकाळी ह्यांनी काठी खुंटीवरच राहू द्यावी आणि म्हणावं, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ." एवढंच. फाटकाबाहेरच्या निंबापर्यंत, फार तर वाटेवरच्या मोरीपर्यंत. पण नव्या नवरीनं असलं काही मागायचं नसतं, आणि जे मागायचं नसतं ते न मागण्यात मी लहानपणापासून हुशार आहे.

बरं, मासे घरात येतील म्हणावं, तर तेही नाही. आम्ही पेणचे, खाडीवरचे. माशावाचून जेवण म्हणजे आमच्याकडे आजारपण. पहिल्याच आठवड्यात मी मसाला वाटून ठेवला, आणि हे रिकाम्या हातांनी हसत परत आले.

"मिळाला नाही का?"

"मिळाली की! हातभर मरळ होती."

"मग?"

"सोडून दिली."

पाटकरी जोतीराम कालव्याची दारं उघडायला-लावायला असे. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, बोलणं खडं. तो ओसरीखालून म्हणाला, "वैनीसाहेब, आमी गळाला गांडूळ तरी लावतो. म्हंजी माशाला मरताना घास तरी मिळतो. सायेब नुसतं पितळ दावत्यात. आन् धरला की रामराम करून सोडून देत्यात. त्यो मासा घरी जाऊन बायकूला काय सांगत आसंल?"

हे सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी वाटलेला मसाला वांग्यांना लावला.

२

एका रविवारी दुपारी ह्यांनी मला त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. एखाद्यानं दागिन्यांचा दाखवावा तसा. आत खोटे मासे होते. पितळेचे, कथलाचे चमचे. लाकडाचे बोटभर मासे, त्यांना काचमण्यांचे डोळे. सातव्या वर्षी आजोबांबरोबर खाडीवर गळ टाकला, तेव्हापासून हे वेड. पुढे खात्यातल्या एका गोऱ्या इंजिनियरनं जाताना विलायती रीळ दिलं आणि वेडाला चाक लागलं.

"हा तर माशासारखा दिसतसुद्धा नाही," एक चपटा तुकडा उचलून मी म्हटलं.

"दिसायला नकोच. मासा काय बघतो सांगू? चमक आणि दुखापत. धड पोहणाऱ्याच्या मागे कुणी लागत नाही, श्यामा. जो जरा लंगडतो, त्याच्यामागे सगळे."

ह्यांनी त्याला दोरा बांधून तो फरशीवरून ओढून दाखवला. थोडं ओढलं. थांबले. थोडं ओढलं. थांबले. पितळेचा तुकडा एका बाजूला कलत, अडखळत आला. खरं सांगते, मला त्याची दया आली.

"थांबणं महत्त्वाचं. नुसतं ओढत राहिलं तर तो नुसता मागे मागे येतो. थांबलं की त्याला राहवत नाही."

"आणि खोटं आहे हे कळत नाही त्याला?"

"कधीकधी कळतं. स्वच्छ पाण्यात मी पाहिलंय. अगदी जवळ येतो, बघतो. कळलेलं असतं त्याला. आणि तरी घेतो."

"का?"

"ते ज्या दिवशी समजेल त्या दिवशी मी काठी ठेवून देईन."

मग डबा बंद करता करता ह्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "एक मागू? मला नावानं हाक मार. घरात कोणी नाहीये. एकदाच."

माझ्या आईनं पंचवीस वर्षांत वडिलांचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्यात मानतात. माझा त्यावर विश्वास होता असं नाही. पण जिभेला विश्वास-अविश्वास कळत नाही. मी हसून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

ह्यांनी पुढे तीन-चारदा मागितलं. मग मागणं बंद केलं. पण मी पाठमोरी काही करत असले, की दारात हे थांबलेले असत. ते मला कळत असे.

३

आंदणात मला भांडी आली होती, आणि प्रत्येक भांड्यावर, रीतीप्रमाणे, नाव. पेणच्या कासारानं छिन्नीनं ठिपका ठिपका मारून घातलेलं. पितळेची एक वाढायची पळी होती, चांगली तळहाताएवढी खोलगट. तिच्या पाठीवर घातलं होतं: सौ. श्यामला रघुनाथ दिघे. जे नाव माझ्या तोंडून निघत नव्हतं, ते माझ्या स्वयंपाकघरात पंधरा ठिकाणी चकाकत होतं.

डोहात एक मोठी मरळ होती म्हणे. तिनं ह्यांचे सगळे चमचे एकेकदा घेतले होते, एकेकदा सुटली होती आणि आता कशालाच फसत नव्हती.

"शिकलीय ती," हे कौतुकानं म्हणत. "आता तिला नवीन काहीतरी पाहिजे. घरगुती."

दुसऱ्या दिवशी मला पळीची खुंटी रिकामी दिसली. मागल्या दारी हे कानस घेऊन बसले होते. दांडा कापून बाजूला पडला होता आणि खोलगट भागाला भोक पाडून गळ अडकवणं चाललं होतं.

"अहो, ती माझ्या आईनं दिलेली!"

"बारामतीहून दुसरी आणतो. याच्यापेक्षा जड. शपथ."

"नाव आहे त्याच्यावर."

"असू दे की. मरळीला वाचता येत असेल तर माझीच चूक."

विनोद चांगला होता. मीही हसले. नंतर कितीदा तरी मला ते हसणं आठवलं आहे.

त्या संध्याकाळी हे दिवे लागून गेल्यावर आले. पळी गेली होती.

"अशी ओढ मी जन्मात पाहिली नाही," पाय धुता धुता म्हणाले. "माशाची ओढ धक्क्याधक्क्यानं येते. ही एकसारखी होती. माणसानं दोर धरावा तशी. आणि एकदम सैल."

"दोरी तुटली?"

ह्यांनी दोरीचं टोक कंदिलाजवळ धरलं. तुटल्याचा, घासल्याचा धागासुद्धा नव्हता. ह्यांची गाठ पाच वेढ्यांची, भिजली की दातांनीही न सुटणारी. ती सुटलेली होती. वेढ्यांच्या वळ्या दोरीवर अजून नीट दिसत होत्या.

"मीच नीट मारली नसेन," हे म्हणाले. पण ह्यांना तसं वाटत नव्हतं. मलाही नाही.

४

चार-पाच दिवसांनी सकाळी मी रांजणात तांब्या बुडवला आणि तळाशी काहीतरी चमकलं.

रांजण रोज फुलाबाई भरून ठेवी. भांडी घासायला येणारी ही बाई कालव्यावरून पाणी आणी. मी पदर खोचला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पाणी नेहमीपेक्षा गार होतं. वस्तू बोटांना लागली, जरा सरकली, पुन्हा लागली. मी चटकन धरली आणि अंगठ्याला टोचलं.

पळी होती. दांड्यासकट, अखंड, लखलखीत.

ह्यांनी बारामतीहून आणली आणि गंमत म्हणून रांजणात टाकली, असं मला वाटलं. शब्द पाळणारा नवरा! दुपारी मी पानावर मुद्दाम त्याच पळीनं वरण वाढलं. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणवलीस वाटतं पेणहून?"

"तुम्हीच ना?"

"मी? मला वेळ कुठे मिळाला?"

आम्ही दोघंही हसलो. दुसरा थट्टा करतोय असं समजून दोघंही त्यावर जास्त बोललो नाही. नव्या संसारात माणसं एकमेकांशी फार सभ्यपणानं वागतात.

भांडी आवरताना मी पळी उलटी केली. पाठीवर नाव होतं. हातभर अंतरावरून ते स्वच्छ वाचता येत होतं. डोळ्यांशी नेलं, तर ती अक्षरंच नव्हती. नुसते ठिपके, ओळीनं मांडलेले, मध्ये मध्ये दाट. वाचता न येणाऱ्यानं बघून बघून काढावेत तसे.

मी बिस्किटांचा डबा उघडला. जुन्या पळीचा कापलेला दांडा आत होता. त्याच्यावर कानशीचे ओरखडेही होते.

कासार अडाणी असेल, मी मनाशी म्हटलं. एखादा दुसरा कासार, दुसरी पळी, कोणाची तरी कालव्यात पडलेली, फुलाबाईच्या घागरीतून आलेली. असं एकेक कारण पुढे ठेवत गेलं की माणूस झोपेपर्यंत पोहोचतो. पळी मी तांदळाच्या डब्यामागे लोटून दिली.

अंगठ्याला बारीक भोक पडलं होतं. दुखत नव्हतं. भरतही नव्हतं.

५

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी हे लवकर परतले. काठी खुंटीला न लावता भिंतीला टेकवली आणि चुलीपाशी येऊन उभे राहिले. चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा झाला होता.

"मारलीस की नाही शेवटी!"

"काय मारलं?"

"हाक. नावानं." हे हसत होते. "लाजायला काय झालं आता? तिथवर यायचं धाडस केलंस, आणि मी वळल्यावर झाडामागे गेलीस."

भाकरी तव्यावर करपली. मी दुपारपासून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. फुलाबाई न्हाणीच्या दाराशी भांडी घासत होती. तिनं मान वर केली.

"सायेब, वैनी तर हितंच हायती. माज्याशी बोलत हुत्या की आत्तापातुर."

"तू सामील आहेस तिला," हे म्हणाले.

मी विचारलं, "कुठे दिसले मी?"

"पलीकडच्या काठावर, चिंचेखाली. पाठमोरी. ते हिरवं लुगडं, पिवळ्या काठांचं." मग जरा काळजीनं, "पाय मुरगळलाय का गं? लंगडत होतीस."

हिरवं लुगडं परसात दोरीवर वाळत होतं. मी जाऊन हात लावला. पिळून टाकलेलं, अजून ओलंच.

मी परत आले तेव्हा हे पाटावर बसून जेवणाची वाट बघत होते. सांगावं तर काय सांगावं? ती मी नव्हते? ह्यांनी इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि मी ते काढून घ्यायला निघाले होते. तरी सांगितलं. सगळं सांगितलं, पळीचं, दांड्याचं, ठिपक्यांचं. हे ऐकत राहिले, आणि मग फार मायेनं म्हणाले, "बरं बाई, तू नव्हतीस. पण जी कोण होती तिला सांग, उद्यापण ये म्हणावं."

सकाळी मी जोतीरामाला गाठलं.

"जोतीबा, तुम्ही संध्याकाळी कधी डोहावर जाता?"

"सकाळी जातो. पाणी मोजाया."

"संध्याकाळी?"

तो पायानं माती उकरत राहिला. "वैनीसाहेब, आमचं काम मोजायचं. सांडव्यावरनं किती सुटलं, ओढ्यानं खाली किती गेलं. बाकी समद्या ठिकाणी हिशेब जमतो. तितं न्हाय जमत. जातं तेवढं निघत न्हाय." मग माझ्याकडे न बघता, "सायेबास्नी म्या पयल्याच साली सांगितलं हुतं. धरायचं तर धरा, खावा, मिटवा. पर रोज रोज दावायचं, फशिवायचं आन् सोडून द्यायचं... पाण्यात बसून कुणी बगत आसंल, तर शिकंलच की त्ये."

"कोण बघत असेल?"

"मला काय ठावं? मी पाटकरी हाय." आणि तो फावडं उचलून निघून गेला.

६

मग मी जे जे करता येईल ते केलं. पहिल्या दिवशी डोकं दुखल्याचं सोंग केलं. ह्यांनी भोंग्यापर्यंत कपाळ चेपून दिलं आणि भोंगा होताच, "पडून राहा हं," म्हणून काठी घेतली. दुसऱ्या दिवशी रीळ पिठाच्या डब्यात लपवलं. हे रिळाशिवायच गेले. काठीशिवाय गेले असते तरी चाललं असतं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

तिसऱ्या दिवशी उरलं होतं एकच. जे त्यांना तिकडे मिळत होतं ते इथे द्यायचं.

दिवसभर मी चुलीपुढे ते नाव घोकलं. रघुनाथ. रघुनाथ. चार अक्षरं, त्यात कसलं आलंय अवघड? भोंगा झाला. हे काठी घेऊन पायरी उतरले. मी दारात आले, तोंड उघडलं, आणि पाहिलं की फाटकाशी जोतीराम उभा आहे, फुलाबाई अंगण झाडते आहे, आणि बांधावर दोन बागाइतदार तक्रार घेऊन बसले आहेत. चार परकी माणसं. त्यांच्यादेखत.

"अहो," मी म्हटलं.

हे वळले. थांबले. किती वेळ थांबले ते मी सांगू शकत नाही. मला ते अजून थांबलेलेच दिसतात. "काय गं?"

"काही नाही. लवकर या."

हे हसले, मान हलवली आणि गेले.

मी दहापर्यंत आकडे मोजले आणि तशीच अनवाणी त्यांच्यामागे निघाले. निंब, मग मोरी, मग उसातून पायवाट. ऊन अजून होतं. सांडव्यावरून पाणी पडत नव्हतं, त्यामुळे इतकं शांत होतं की माझ्याच बांगड्या मला मोठ्या वाटत होत्या.

चढावर पोचले तेव्हा खाली डोह दिसला. हे अलीकडच्या काठावर, वहाणा काढून, घोटाभर पाण्यात. काठी मागे खडकावर पडलेली. आणि पलीकडे, चिंचेखाली, पाठमोरी, ती. माझं लुगडं. माझा अंबाडा. मी स्वतःला मागून कधी पाहिलं नव्हतं, पण माणसाला ते कळतं.

ती दोन पावलं चालली, डावा पाय ओढत. थांबली. दोन पावलं. थांबली.

"रघुनाथ," तिनं हाक मारली. माझा आवाज. मला कधी जमला नसता इतका गोड.

मी ओरडले. जोरात, छातीतून, पहिल्यांदा. "रघुनाथ!"

हे वळले. त्यांनी मला पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं, आणि मी सांगते, त्यांना कळलं. खरी कोण ते त्यांना कळलं. चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता येतील, वर येतील. मी हात पुढे केला.

पलीकडे ती अडखळली आणि गुडघ्यावर पडली.

हे पुन्हा तिकडे वळले. नाव दोन्हीकडून आलं होतं. पण दुखापत तिकडे होती. मी धडधाकट उभी होते.

पाणी मांड्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. ती उठून त्यांच्याकडे वळायला लागली. तोंड फिरवताना क्षणभर मला तिची बाजू दिसली. फक्त बाजू. तिला जाडी नव्हती. पुढून माणूस असेल, मागून माणूस होती. मध्ये, आतून, ती पळीसारखी पोकळ होती आणि त्या खोलगटात ऊन चमकत होतं.

मग पाण्यावर कोणीच नव्हतं. एक तरंगही उठला नाही.

७

मी जोतीरामाला कसं गाठलं, काय बोलले, आठवत नाही. दोर आले, टेंभे आले, शेळगावची चार माणसं आली. ह्यांच्या वहाणा काठावर होत्या. जोतीरामानं दोर कमरेला बांधला, पाण्याकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिला. एवढ्यात चढावरून फुलाबाई पळत आली.

"वैनी! आवो, सायेब घरला हायती की! ओसरीवर बसल्यात. तुमास्नीच इचारत्यात."

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, नवी नवरी हाय, घाबरली. जोतीराम हसला नाही. त्यानं काठावरच्या वहाणा पाहिल्या, घराच्या दिशेला पाहिलं आणि कमरेचा दोर सोडला. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या ओसरीवर येत नाही. हजेरी फाटकाबाहेरून देतो.

तो घरी आहे. त्याला मी "हे" लिहिणार नाही.

चेहरा तोच, आवाज तोच, कपाळावरची लहानपणची खूण तीच. गुडघ्यापर्यंत धोतर ओलं होतं, ते अजून पुरतं वाळलेलं नाही. डावा पाय जरासा ओढतो. "मुरगळला," म्हणतो. मासेमारीचं नाव काढत नाही. काठी आणायलाही कोणी डोहावर गेलं नाही. सासूबाईंचं पत्र आलं: आम्हाला तीस वर्षांत जमलं नाही ते सूनबाईनं तीन महिन्यांत केलं. मी वडिलांना सगळं खरं लिहिलं. त्यांनी उलटटपाली कळवलं की जागा बदलली की सुरुवातीला असे भास होतात, सकाळी गार पाण्यानं डोळे धुवावेत, आणि नवरा संध्याकाळी घरी बसतो ही तक्रार त्यांनी आजवर कोणाकडून ऐकली नव्हती.

तक्रार तरी काय करू? तो मारत नाही, ओरडत नाही. खातो कमी. पापणी लवत नाही. पण हे मी कोणाला दाखवायला गेले तर समोरचाच आधी पापणी लववतो. नावानं हाक मार असं तो कधी म्हणत नाही. मी एकदा मारून पाहिली. त्यानं मान वर केली, "काय गं?" म्हणाला, आणि त्याला त्यातून काहीही मिळालं नव्हतं.

मी त्याच्याकडे बाजूनं बघत नाही. तो वळायला लागला की मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, किती मर्यादशील.

रोज सकाळी फरशीवर पाण्याची एक रेघ असते. पावलं नाहीत; रेघ, दोऱ्याएवढी. त्याच्या खाटेपासून निघते, उंबऱ्यावरून, पायरीवरून, अंगणातून फाटकाकडे. फाटकाबाहेर ती मोरीच्या दिशेनं गवतात जाते. मी फुलाबाई यायच्या आत ती पुसून घेते. का पुसते, मला माहीत नाही. घर आहे, पुसायचं.

आणि रोज पाच वाजता भोंगा झाला की तो पायरीवर उभा राहतो आणि म्हणतो, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ."

पहिल्या दिवशी मी दार लावून घेतलं. तो रागावला नाही. चार पावलं गेला, डावा पाय ओढत. थांबला. मागे वळून पाहिलं नाही, नुसता थांबला. तो थांबला की माझ्या अंगठ्यातलं ते भोक ठणकायला लागतं. तिसऱ्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले, फक्त बघायला. पाचव्या दिवशी निंबापर्यंत. त्यानं माझ्याशी गोष्टी केल्या. उसाबद्दल, आकाशाबद्दल, मी आज काय केलं त्याबद्दल. ह्यांनी कधी इतकं विचारलं नव्हतं. मी उत्तरं दिली. परवा आम्ही मोरीवर बसलो. काल चिंच दिसायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "आता परत जाऊ," आणि तो लगेच वळला. ओढलं नाही. मुळीच ओढलं नाही.

परत येताना मला रडू आलं. भीतीनं नव्हे. मला आणखी चालायचं होतं.

ह्यांनी मला सगळं शिकवलं होतं, बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन. मी अगदी जवळून पाहिलं आहे. मला कळलेलं आहे.

आत्ता भोंगा झाला. तो पायरीखाली उभा आहे. चार पावलं गेला. थांबला.

मी वहाणा शोधते आहे.